एका कळेवरचे दोन क

सत्कारपत्राच्या मसुद्यातलं तिसरं वाक्य खोटं आहे. ते असं: ‘सीमाभागात कन्नड कळफलक लादला जात असताना आपण तो बाणेदारपणे नाकारलात आणि मराठी टंकलेखनाची परंपरा जपलीत.’ बाकीची वाक्यं नुसती फुगवलेली आहेत, ती सोडून देतो. हे तिसरं मात्र मी सोळा वर्षं ऐकतोय. दर वेळी मान खाली घालतो आणि लोकांना तो माझा विनय वाटतो.

मसुदा घेऊन दोघे आले होते, बेळगावात माझ्या मुलाच्या घरी. जवळच्या एका गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, त्याचे कार्यकर्ते. एक वकील, एक निवृत्त हायस्कूल मास्तर. चहा पिऊन झाल्यावर वकील म्हणाले, “अण्णा, स्मरणिकेला चार पानं द्या की. त्या कन्नड कीबोर्डाचा किस्सा तेवढा पायजेच. पोरांना कळू दे, कसली माणसं होती ते.”

“कसली होती ते लिहितो,” मी म्हणालो.

ही ती चार पानं. कळांच्या ज्या मांडणीवर ती टाइप करतोय तीच मी नाकारली होती. तिचं नाव कन्नड कळफलक नाही, इनस्क्रिप्ट आहे. आणि मी ती बाण्यामुळं नाकारली नाही. मला ती येत नव्हती आणि माझ्या क्लासातल्या एका बाईला आली होती, म्हणून नाकारली. त्या बाईची हाताशी आलेली नोकरी माझ्यामुळं गेली. ती आपसूक गेली नाही, मी घालवली.

निपाणीत माझा टायपिंगचा क्लास होता. तंबाखूच्या वखारीच्या माडीवर दोन खोल्या. खाली गाडी भरायला लागली की वर पोरं शिंकायची, आणि शिंकताना चुकलेलं अक्षरही मी चूकच धरायचो. कळांवर पुठ्ठ्याचं झाकण असायचं. हात झाकणाखाली, डोळे पुस्तकावर. झाकण उचलून बघितलं की बोटांवर फूटपट्टी. परीक्षेला पोरं कोल्हापूरला जायची आणि पास होऊन यायची, हे खरं आहे. हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल की मास्तर मुळातच कच्चा होता. कच्चा नव्हतो. माझा राग त्यामुळंच आहे.

जुन्या यंत्रावर अक्षर कागदावर जसं दिसतं तसं जोडायचं असतं. ‘कि’ लिहायचा तर वेलांटी आधी, कारण ती डावीकडं दिसते, आणि मग क. ‘भ’, ‘श’ अर्धे उठवायचे आणि मागून काना देऊन पुरे करायचे. रफार अक्षर झाल्यावर वरून. इतकी वर्षं हे केल्यावर माझ्या बोटांना शब्द ऐकू येत नव्हता, फक्त त्याचं चित्र दिसत होतं.

क्लासात ती बाई मला मदत करायची. आई विड्या वळणारी, ही पण विड्या वळतच मोठी झालेली. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी परत आली. सकाळी मांडीवर सूप घेऊन विड्या, दुपारी माझ्याकडं टायपिंग. पान कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून तयार झालेली तिची बोटं. तसली बोटं मी आधी बघितली नव्हती, नंतरही नाही. शिकायला आली आणि वर्षभरात नव्या पोरींना तीच शिकवायला लागली. मला सर म्हणायची. मी तिला बाई म्हणायचो, आधी गमतीनं, मग सवयीनं.

मग कॉम्प्युटर आले. मी तीन घेतले आणि त्यांत जुन्या यंत्राच्या मांडणीचा फॉन्ट बसवून घेतला, म्हणजे मला काही नवं शिकायला नको. एका दुपारी बाई माझ्या टेबलाशी आली.

“सर, जरा हिकडं या. गंमत दावते.”

पडद्यावर मराठी क होता. तिनं खालच्या कोपऱ्यात काहीतरी बदललं आणि तीच कळ पुन्हा दाबली. शेजारी कन्नड क उमटला.

“एकच कळ, सर. आपला क बी हितंच, कन्नडचा क बी हितंच. प, र, त, समदं जागच्या जागी. कन्नडला ऱ्हस्व ए-ओ जास्तीचे, तेवढ्या दोन कळा निराळ्या. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा मोकळ्या. आणि वेलांटी बघा. आधी अक्षर, मग वेलांटी. आपण बोलतो तसं.”

“कुठं शिकलीस हे?”

“कुठं न्हाय. हाताला लागलं. दोन आठवडं झालं, रोज जरा जरा बघते.”

याचा अर्थ आमच्या भागातल्या माणसाला सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. निपाणीत कचेऱ्यांचा कारभार कन्नडात. हायवेनं थोडं पुढं गेलं की महाराष्ट्र, तिथं मराठीत. टायपिस्ट दोन्हीकडं लागतो. ज्याच्या बोटांत दोन्ही भाषा आहेत त्याला कुठूनच परत पाठवता येणार नाही. माझ्याकडं विड्या वळणाऱ्या घरांतल्या कितीतरी पोरी यायच्या. बाईनं त्या सगळ्यांच्या पोटापाण्याची सोय माझ्यासमोर आणून ठेवली होती आणि वर गंमत म्हणाली होती.

क्लास भरलेला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “कन्नडच्या मांडीला मांडी लावून मराठी बसायची न्हाय माझ्या क्लासात. आज कळ एक केली, उद्या लिपी एक करतील. काढ ते.”

पोरं हसली. मागच्या बाकावर कोणीतरी टाळी वाजवली. बाईनं खालच्या कोपऱ्यात परत बदललं आणि उठून गेली.

ते वाक्य संध्याकाळपर्यंत बाजारात पोचलं. आठवड्याभरात एका मंडळानं बोलावून गळ्यात हार घातला. मराठीसाठी मी मोर्च्यांत चाललोय, पोलिसांच्या गाडीत बसलोय, त्याची मला लाज नाही. ते भांडण खरं होतं. म्हणूनच स्वतःची लाज झाकायला मी ते वापरलं याची चीड येते. त्या भांडणात लोकांचं काय काय गेलं आणि मी त्याचं पांघरूण केलं.

झाकलं काय, तेही सांगतो. बाईनं दाखवायच्या आधी दोन रविवार मी एकट्यानं ती मांडणी करून बघितली होती. दार आतून लावून. एक ओळ धड आली नाही. बोटं आधी वेलांटीकडं धावायची आणि पडद्यावर वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसायची. अक्षर नसलं की कॉम्प्युटर तिथं तो गोल काढतो. माझ्या पहिल्या ओळीत सात गोल होते. अठ्ठावन्न वर्षांचा मी, भागातला टायपिंगचा सर, आणि माझ्या ओळीत सात गोल. जिला मी अ पासून शिकवलं ती पुढच्याच आठवड्यात हसत हसत दोन भाषा एका कळेवर आणून दाखवते. मला ते सोसलं नाही.

इथं थांबलो असतो तर लोकांनी फार तर गर्विष्ठ म्हटलं असतं.

पुढं सीमेपलीकडच्या एका कचेरीत मराठी टायपिस्टची जागा निघाली. सीमाभागातल्यांना अर्ज करता येत होता आणि वयाच्या अटीत बसायची बाईची ती शेवटची वेळ होती. जाहिरात मीच इंटरनेटवरून छापून आणली. दोन पानं होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, चाचणी फक्त इनस्क्रिप्ट कळफलकावर घेतली जाईल. मी ती ओळ दोनदा वाचली. मग पहिलं पान बाईला दिलं आणि दुसरं माझ्या खणात टाकलं.

तिनं विचारलं, “सर, मांडणी कुठली? कायतरी लिवलं असंल की.”

“आपलीच.”

“विचारलासा नव्हं नक्की?”

“विचारलं. त्या नव्या नादाला लागू नकोस आता, बोटं बिघडतील.”

चाचणीला दोन महिने होते. दोन आठवड्यांत शिकणाऱ्या बाईला दोन महिने म्हणजे डोंगराएवढा वेळ. तो सगळा तिनं जुन्या मांडणीवर घासला, माझ्या शब्दावर. हाताला आपसूक लागलेलं नवंही प्रयत्न करून पुसून टाकलं. मी रोज समोर बसून बघत होतो. रोज सकाळी खण उघडता आला असता. उघडला असता तर तिनं म्हटलं असतं, मग शिकवा सर. आणि मला म्हणावं लागलं असतं, मला येत नाही, तूच मला शिकव. ताज्या हाराच्या गळ्यातून ते बाहेर पडेना.

चाचणीच्या दिवशी ती सकाळच्या बसनं कोल्हापूरला गेली. संध्याकाळी क्लास सुटताना आली. चपला काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली.

“सर, नवीच मांडणी होती.”

“ऐनवेळी बदललं असणार,” मी म्हणालो. “पलीकडचं असंच असतंय. आपल्या माणसाला आत घ्यायचं नसतंय त्यांना.”

हे मला सुचायला एक क्षणही लागला नाही. आयुष्यात इतक्या झटपट मी कधी काही टाइप केलं नसेल. तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “व्हय. तसंच असंल.”

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी कुणाला बोलवायला पाठवलं नाही. गावात मात्र किस्सा वाढला. अलीकडच्यांनी लादलं, पलीकडच्यांनी दगा दिला, मधे सर एकटे उभे. पुढं क्लास बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, मी मुलाकडं बेळगावला आलो. किस्सा माझ्याआधी येऊन बसला होता.

मसुदा आला त्याच दिवशी ठरवलं, लिहायचं तर त्या मांडणीवरच. मुलाचा जुना कॉम्प्युटर होता. कळांवर चिकटवायचे अक्षरांचे स्टिकर मिळतात असं सून म्हणाली, म्हणून बाजारात गेलो. दुकानदारानं काचेखालून एक पाकीट काढलं. कन्नड.

“मराठी न्हाय?”

“मराठी कोण घेतंय, आजोबा? समदी मोबाइलवर इंग्लिश अक्षरांत मारत्यात. हेच न्या. जागा त्याच असत्यात.”

जागा त्याच असतात. बाईनं माझ्या टेबलाशी उभं राहून जे सांगितलं ते हा माणूस सुटे पैसे शोधता शोधता सांगत होता, जगातली सगळ्यात साधी गोष्ट असल्यासारखं. मला दुकानात ओरडावंसं वाटलं. पाकीट खिशात घातलं आणि घरी आलो.

तर मी आता कन्नड अक्षरांवर बोटं ठेवून मराठी शिकतोय. खाली कन्नड क, वर पडद्यावर मराठी क. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क वर शिफ्ट दाबली की ख, ग वर दाबली की घ. पाटीवर बाराखडी गिरवलेल्या कुणालाही समजेल इतकं सरळ. आणि मी, चौऱ्याहत्तर वर्षांचा, दुपारच्या जेवणानंतर रोज दोन तास बसतो आणि माझ्या बोटांना शिव्या देतो. त्यांना र आधी दाबायचा आणि मग रफार होतो हे पटत नाही. श अर्धा उठवून ती काना शोधत फिरतात, श केव्हाच पुरा आलेला असतो. आणि वेलांटी. ‘दिवस’ लिहायला गेलो की गोल. ‘निपाणी’ लिहायला गेलो की गोल. माझ्या गावाचं नाव मला तीन दिवस लिहिता आलं नाही.

सून म्हणाली, “अण्णा, कशाला त्रास करून घेताय? मोबाइलसमोर बोला, आपोआप उमटतं.”

मी तिच्या अंगावर ओरडलो. तिचा काही दोष नव्हता. पण मला बोलता येत असतं तर सोळा वर्षांत एकदा तरी बोललो असतो की.

पाच आठवड्यांत इथवरचा मजकूर झाला. तो आधी संमेलनवाल्यांना द्यायचा नाही, बाईला द्यायचा, हे लिहिता लिहिताच ठरलं. ती कुठं असते मला माहीत होतं. निपाणी स्टँडजवळ तिचं छोटं दुकान आहे. बसच्या खिडकीतून पाटी दिसते, ‘कन्नड व मराठी टायपिंग, सर्व अर्ज’. मी ती पाटी कितीदा वाचलीय आणि कितीदा तोंड फिरवलंय ते मलाच माहीत. पुढचं सगळं तिथून परत आल्यावर लिहिलेलं आहे.

दुकानापुढं रांग होती. पेन्शनवाले, दाखलेवाले. बाईचे केस पांढरे झालेत. मला बघून म्हणाली, “या सर, बसा,” जसा मी कालच येऊन गेलो होतो.

मी कागद पुढं केले. तिनं रांगेतल्या पहिल्या म्हातारीला सांगितलं, “आक्का, जरा थांब गं,” आणि वाचायला लागली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिथं काही हललं नाही. सगळं वाचून कागद सरळ केले.

“दुसरं पान खणात ठिवलतं व्हय? मला वाटलतं फाडलासा.”

मी विचारलं, “तुला माहीत होतं?”

“तिथं भिंतीला लावलती की जाहिरात. दोन्ही पानं. तळाशी ती ओळ बी होती, आणि तारीख बी, दोन महिन्यांमागची. पेपर सुटल्यावर उभी ऱ्हाऊन वाचली.”

म्हणजे दारात उभी होती तेव्हा तिला माहीत होतं. मी ‘ऐनवेळी बदललं’ म्हणालो ते तिनं सगळं कळून ऐकलं.

“मग बोलली का नाहीस?”

“कुणाला बोलू?” पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “तुमच्या गळ्यात हार. मी नवऱ्यानं टाकलेली. लोक म्हटले असते, सरांनी हाताला धरून शिकवलं आणि ही उलटली. आईनं तर देव्हाऱ्यात बसवलतं तुम्हास्नी. तिला मरेपतोर सांगितलं न्हाय मी.”

मागून कोणीतरी म्हणालं, “ओ बाई, आमची बस जाईल की.”

मी हात जोडले. माफीचा शब्द तोंडात आला होता.

“ते न्हाय,” ती म्हणाली. “हात खाली घ्या. हितं बसा.”

ती खुर्चीतून उठली आणि तिनं मला तिच्या जागी बसवलं. तिच्या कळांवर स्टिकर नव्हते, मुळातली अक्षरंही झिजून गेलेली. मी वाकून बघायला लागलो तर तिनं कुणाच्या तरी अर्जाची पुठ्ठ्याची फाइल उचलली आणि माझ्या हातांवर आडवी धरली.

“खाली बघायचं न्हाय, सर. लिवा. जाहिरातीचं दुसरं पान मी लपवलं.”

मी ज लिहिला, काना दिला. मग बोट वेलांटीवर गेलं, ह च्या आधी. पडद्यावर गोल आला.

“पुन्हा.”

पुन्हा गोल.

“पुन्हा.”

रांगेतला एक म्हातारा पुढं वाकून म्हणाला, “ह्या वयात शिकाय आल्यात व्हय हे?”

“व्हय काका,” बाई म्हणाली. “कच्चं हाय गिऱ्हाईक. पण शिकंल.”

रांग हसली. माझे कान तापले. मला तिचा राग आला, हेही लिहितो, कारण खोटं पुरे झालं. माझे हात त्या फाइलीखाली होते आणि मला फूटपट्टीखालची सगळी बोटं आठवत होती. तिसऱ्यांदा ‘जाहि’ बरोबर आलं आणि ‘ती’ चुकलं.

“पुन्हा.”

चौथ्यांदा वाक्य आलं. बाईनं फाइल काढली, पडद्यावरचं वाचलं, मोठ्यानं, रांगेला ऐकू जाईल असं. रांगेला त्यातलं काही कळलं नसणार. मग दोन प्रती छापल्या. एक मला दिली. दुसरी घडी घालून तिच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावला.

“स्मरणिका निघाली की एक मला पाठवा,” ती म्हणाली. “न्हायच छापलं त्यांनी, तर हे हाय माझ्याजवळ.”

मग मला उठवून ती खुर्चीत बसली आणि म्हातारीला पुढं बोलावत म्हणाली, “मुंदे बर्री, आक्का. कन्नडात पायजे का मराठीत?”

संमेलनाच्या कार्यकर्त्यांना एवढंच सांगायचं. सत्कारपत्रातलं तिसरं वाक्य काढा आणि त्या जागी हे घाला: जाहिरातीचं दुसरं पान मी लपवलं. हे घालायचं नसेल तर सत्कार नको आणि लेखही छापू नका. मी ऐनवेळी भ्यायलो, शब्द फिरवला, तर विचारायला निपाणीला जा. बाईच्या खणात एक प्रत आहे.